लोणारचे गुलाबी पाणी आणि वर्ध्याची काळी माती: मीठप्रिय आर्किया आपल्याला पिकाबद्दल काय सांगतात?

जून २०२० मध्ये बुलडाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे हिरवट पाणी काही दिवसांत गुलाबी झाले. त्याची बरीच चर्चा झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही त्याची दखल घेतली आणि पाण्याचे नमुने तपासणीसाठी नागपूरची नीरी व पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांच्याकडे गेले. सुरुवातीला लाल शेवाळावर संशय होता. आघारकर संस्थेच्या तपासणीत मात्र हा रंग प्रामुख्याने मीठप्रिय सूक्ष्मजीवांचा, म्हणजे हॅलोआर्कियांचा असल्याचे दिसले. पाऊस नसल्याने आणि उष्णतेमुळे पाणी आटले, क्षारांचे प्रमाण व सामू वाढला आणि हे जीव भराभर वाढले. नमुने स्थिर ठेवल्यावर रंगीत जीव तळाशी बसले आणि वरचे पाणी नितळ झाले.

कापूस, सोयाबीन, तूर, हरभरा किंवा संत्रा घेणाऱ्या वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्याने हे समजून घेण्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण मातीचे आहे. ज्या बेसाल्ट खडकात लोणारचे सरोवर आहे, त्याच दख्खनच्या काळ्या खडकापासून आपली काळी माती तयार झाली आहे. लोणारचे पाणी ज्या रासायनिक क्रियेने खारे झाले, तीच क्रिया निचरा नसलेल्या शेतातही हळूहळू चालते. दुसरे कारण बाजाराचे आहे. ‘मिठात जगणारे जिवाणू जमिनीतील मीठ खाऊन टाकतात’ असा दावा कानावर आला, तर तो खरा की खोटा हे ठरवण्यासाठी हे जीव मिठात जगतात कसे, हे माहीत असावे लागते.

आर्किया म्हणजे काय?

आर्किया हे एकपेशीय सूक्ष्मजीव आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली ते जिवाणूंसारखेच दिसतात, म्हणून अनेक वर्षे त्यांची गणना जिवाणूंतच होत असे. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स या अमेरिकी शास्त्रज्ञांनी पेशीतील रायबोसोमच्या आरएनएची तुलना केली आणि हा स्वतंत्र गट असल्याचे दाखवले. आज सजीवांचे तीन मोठे गट मानले जातात: जिवाणू, आर्किया आणि केंद्रक असलेल्या पेशींचे जीव. वनस्पती, प्राणी आणि बुरशी तिसऱ्या गटात येतात. जनुके वाचण्याची आर्कियांची यंत्रणा जिवाणूंपेक्षा आपल्या पेशींतील यंत्रणेला अधिक जवळची आहे. त्यांच्या पेशीभित्तीत जिवाणूंच्या भित्तीतील म्युरीन नसते, त्यामुळे पेनिसिलिनसारखे प्रतिजैविक त्यांच्यावर चालत नाही.

सगळे आर्किया मीठप्रिय नसतात. गोबरगॅस संयंत्रात शेणापासून मिथेन तयार करण्याचे शेवटचे काम आर्कियाच करतात. आपल्या नेहमीच्या शेतजमिनीतही आर्किया असतात. त्यांतील काही अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात, म्हणजे युरिया पिकाला मिळण्याच्या साखळीत त्यांचाही वाटा असतो. या लेखाचा विषय मात्र मीठप्रिय गटाचा, म्हणजे हॅलोआर्कियांचा आहे. ते खाऱ्या सरोवरांत, मिठागरांच्या शेवटच्या लालसर वाफ्यांत आणि खारवलेल्या मासळीवर आढळतात. मिठाच्या खड्यात अडकलेल्या खाऱ्या पाण्याच्या सूक्ष्म थेंबातही ते बराच काळ जिवंत राहू शकतात.

मीठ पेशीला का मारते?

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळात पाणी सुटते. बाहेर मीठ जास्त आणि पेशीत कमी असले की पाणी पेशीतून बाहेर खेचले जाते. खाऱ्या जमिनीत पिकाच्या मुळांची हीच अडचण होते. जमीन ओली दिसते, पण मुळाला पाणी ओढता येत नाही आणि भर ओलाव्यात पीक दुपारी माना टाकते.

हा पहिला मार. दुसरा मार सोडियम पेशीत शिरल्यावर बसतो. पेशीतील अनेक विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, पोटॅशियमच्या साथीने काम करतात. सोडियम दिसायला पोटॅशियमसारखा असल्याने त्याची जागा बळकावतो, पण त्याचे काम करत नाही. पानांचे शेंडे व कडा करपतात, जुनी पाने आधी गळतात.

मिठात जगणाऱ्या प्रत्येक जीवाला हे दोन्ही प्रश्न सोडवावे लागतात. हॅलोआर्कियांनी शोधलेले उत्तर आपल्या पिकांच्या उत्तरापेक्षा अगदी वेगळे आहे.

हॅलोआर्कियांची रीत: मीठ आत घ्या, प्रथिने बदला

*१) पेशीच्या आत पोटॅशचे घट्ट द्रावण.* बाहेरचे मीठ पाणी ओढून घेऊ नये म्हणून हे जीव पेशीतही तेवढाच क्षार भरून ठेवतात. तो मुख्यतः पोटॅशियम क्लोराइड असतो, म्हणजे आपल्या ओळखीचे म्युरेट ऑफ पोटॅश. हॅलोबॅक्टेरियम सॅलिनॅरमसारख्या प्रजातीत त्याचे प्रमाण सुमारे ४ मोलरपर्यंत जाते. शेतकऱ्याच्या भाषेत, पेशीतील दर लिटर द्रावात जवळपास ३०० ग्रॅम पोटॅश. सोडियम मात्र पंपांनी सतत बाहेर काढला जातो.

*२) मिठाशिवाय न टिकणारी प्रथिने.* साधी प्रथिने इतक्या क्षारात एकमेकांना चिकटून गोळा होतात. हॅलोआर्कियांच्या प्रथिनांच्या पृष्ठभागावर अॅस्पार्टिक व ग्लुटामिक ही आम्ल अमिनो आम्ले भरपूर असतात आणि लायसिन कमी असते. त्यामुळे प्रथिनावर ऋण भार दाटतो. हा भार पाण्याने वेढलेल्या पोटॅशियमच्या कणांना धरून ठेवतो आणि प्रथिन घट्ट क्षारातही ओले व कार्यक्षम राहते. हा बदल एकदोन जनुकांचा नाही, पेशीतील बहुतेक प्रथिने अशी बदललेली असतात. त्याची किंमतही मोठी आहे. क्षार कमी झाला की ऋण भार एकमेकांना ढकलतात आणि प्रथिनाची घडी उलगडते. म्हणून बहुतेक हॅलोआर्किया गोड्या पाण्यात टाकले की फुटून मरतात. मीठ त्यांना नुसते सोसत नाही, ते त्यांना लागतेच.

*३) सोड्याने न विरघळणारे आवरण.* तेल कॉस्टिक सोड्यात शिजवले की साबण होतो, कारण तेलातील एस्टर प्रकारचे बंध तीव्र अल्कलीत तुटतात. जिवाणू व वनस्पतींच्या पेशीपटलातील स्निग्ध पदार्थांतही मुख्यतः एस्टर बंध असतात. आर्कियांच्या पटलात त्याऐवजी ईथर बंध असतात आणि ते अल्कलीला दाद देत नाहीत. सामू १० च्या आसपास असलेल्या लोणारसारख्या पाण्यात याचा उपयोग सहज लक्षात येतो.

*४) रंग आणि ऊन.* गुलाबी-लाल रंग मुख्यतः बॅक्टेरिओरुबेरिन या रंगद्रव्याचा असतो. टोमॅटोतील लायकोपिन आणि गाजरातील बीटा कॅरोटिन यांच्याच कुळातले हे द्रव्य, फक्त त्यात ४० ऐवजी ५० कार्बन अणू असतात. प्रखर उन्हामुळे पेशीत होणाऱ्या नुकसानीपासून ते बचाव करते. काही प्रजातींत बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन नावाचे जांभळे प्रथिनही असते. १९७१ मध्ये ओस्टरहेल्ट आणि स्टोकेनियस यांनी त्याची ओळख पटवली. आपल्या डोळ्यात प्रकाश टिपणारे रेटिनल हे जीवनसत्त्व ‘अ’चे रूप या प्रथिनातही असते. ऊन पडले की ते पेशीतून प्रोटॉन बाहेर ढकलते आणि त्या दाबावर पेशीची ऊर्जा तयार होते. एका अर्थाने हा उन्हावर चालणारा सौर पंपच आहे.

*५) जनुकांच्या अनेक प्रती.* एका हॅलोबॅक्टेरियम पेशीत संपूर्ण जनुकसंचाच्या वीस-पंचवीस प्रती असू शकतात. उन्हाने किंवा कोरडेपणाने एक प्रत तुटली तर दुसरीवरून ती दुरुस्त करता येते. या जीवाच्या एनआरसी-१ या वाणाचा पूर्ण जनुकसंच २००० मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक प्रथिने आम्लधर्मी असल्याचे चित्र त्यातून स्पष्ट झाले.

पिकाची रीत: मीठ बाहेर ठेवा

कापूस असो की गहू, पिकाच्या पेशीतील प्रथिने मिठासाठी घडवलेली नाहीत. पिकाकडे तीनच मार्ग असतात.

- मुळातच सोडियम आत येऊ न देणे, आलेला पंपाने परत बाहेर टाकणे.
- आत शिरलेला सोडियम पेशीतील रिक्तिकेत, म्हणजे पाण्याच्या कोठीत, कोंडून ठेवणे.
- पाणी धरून ठेवण्यासाठी प्रोलीन, ग्लायसिन बीटेन यांसारखे निरुपद्रवी पदार्थ स्वतः तयार करणे.

या प्रत्येक कामाला ऊर्जा लागते. ती दाणा किंवा बोंड भरण्याच्या ऊर्जेतून वजा होते. म्हणून खारवट जमिनीत पीक मेले नाही तरी उतारा घटतो.

ही रीत वाणाच्या व खुंटाच्या निवडीतही दिसते. आपल्या शरबती किंवा लोकवनसारख्या गव्हात मुळाकडून पानाकडे जाणाऱ्या रसातून सोडियम काढून घेणारे एक जनुक असते. बन्सी गव्हात ते नसते, त्यामुळे त्याच्या पानांत सोडियम जास्त साचतो. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी एका जुन्या रानटी नात्यातल्या गव्हाचे असेच जनुक संकराने बन्सी प्रकारच्या गव्हात आणले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात खाऱ्या शेतात उत्पादन २५ टक्क्यांपर्यंत वाढले. त्या गव्हाने मीठ ‘खाल्ले’ नाही, ते पानात जाण्यापासून रोखले.

संत्र्यातही हेच आहे. रंगपूर लिंबाचा खुंट जंबेरीपेक्षा क्लोराइड वर जाण्यास जास्त अटकाव करतो. आर्वी, आष्टी व कारंजा भागात नवी बाग लावताना विहिरीचे पाणी खारवट असेल, तर खुंट निवडताना ही बाब नक्की विचारात घ्यावी.

लोणार आणि काळी माती: रसायन एकच

लोणार हे चहूबाजूंनी बंद असलेले विवर आहे. झऱ्यांचे आणि पावसाचे पाणी आत येते, पण बाहेर पडायला नदी-नाला नाही. बाहेर जाते ती फक्त वाफ आणि वाफेबरोबर क्षार जात नाहीत. बेसाल्ट झिजताना सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट सुटतात. पाणी आटत गेले की कॅल्शियम आधी चुना होऊन खाली बसतो. मागे राहतो तो सोडियम आणि कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा. म्हणून लोणारचे पाणी नुसते खारे नाही, तर तीव्र अल्कलीचे आहे.

आता निचरा नसलेले काळ्या मातीचे शेत पाहा. ओलिताचे पाणी येते, खाली मुरत नाही, वाफ होऊन जाते. मातीत चुनखडीचे खडे तयार होतात, म्हणजे कॅल्शियम बांधला जातो आणि चिकण कणांवर सोडियमचे प्रमाण वाढते. अकोला, अमरावती व बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात हेच घडले आहे. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोतील शास्त्रज्ञांनी तेथील मातीचा अभ्यास केला. त्यांना दिसले की विनिमययोग्य सोडियमचे शेकडा प्रमाण ५ च्या आसपास गेले तरी या फुगणाऱ्या मातीत पाणी मुरण्याचा वेग घटतो. पुस्तकात चोपण जमिनीची मर्यादा १५ दिली जाते. काळ्या मातीत त्या आकड्याची वाट पाहणे महागात पडते.

वर्धा जिल्हा खारपाणपट्ट्यात मोडत नाही. पण माती त्याच जातीची आहे आणि बोर, धाम व निम्न वर्धा प्रकल्पांमुळे, तसेच विहिरी व बोअरवेलमुळे ओलित वाढले आहे. जिथे पाणी वाढते आणि चर बुजतात, तिथे प्रत्येक खोलगट शेत एक छोटे लोणार होऊ शकते.

हिशेब करून पाहा. ज्या पाण्याची विद्युत वाहकता १ डेसीसायमन प्रति मीटर आहे, त्याच्या एका लिटरमध्ये साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. अशा पाण्याची ६ सेंटिमीटरची एक पाळी दिली, तर एकरी सुमारे १५५ किलो क्षार शेतात येतात. म्हणजे ५० किलोची तीन पोती. पाच पाळ्यांत पंधरा पोती. पावसाच्या पाण्याने ते खाली धुऊन गेले नाहीत, तर ते तिथेच राहतात.

आर्किया शेतातील क्षार कमी करतील का?

नाही. त्याची कारणे वर आली आहेत, ती एकत्र पाहू.

*सोडियम हे मूलद्रव्य आहे.* शेणखत कुजते, कीटकनाशकाचे विघटन होते, कारण ते संयुगे आहेत. सोडियमचे विघटन होत नाही. कोणताही जीव त्याला ‘पचवून’ संपवू शकत नाही. पेशीने क्षार आत घेतला तरी पेशी मेल्यावर तो पुन्हा मातीत येतो. जमिनीतील मीठ कमी करण्याचा एकच अर्थ आहे: ते मुळांच्या थरातून दुसरीकडे नेणे.

*आपली खारवट जमीनही त्यांना फिकीच आहे.* मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता ४ झाली की जमीन क्षारयुक्त मानतात. त्या अर्कात क्षार असतात लिटरला साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे पाव टक्का. समुद्रात ते सुमारे साडेतीन टक्के असतात. बहुतेक हॅलोआर्कियांना वाढीसाठी किमान ९ ते १० टक्के मीठ लागते. काही प्रजाती कमी क्षारात तग धरतात, पण जिथे कापूस उगवतो तिथे त्यांची भरभराट होत नाही. जून महिन्याच्या पहिल्या चांगल्या पावसात त्यांतील बहुतेक पेशी फुटतील.

मग या जीवांवर संशोधन चालते ते कशासाठी? कच्छच्या रणातून वेगळ्या केलेल्या काही हॅलोआर्कियांमध्ये स्फुरद विरघळवण्याची क्षमता असल्याचे भारतीय शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. अतिशय खाऱ्या जमिनीत, जिथे नेहमीचे जिवाणू टिकत नाहीत, तिथे स्फुरदाचे चक्र कसे चालते हे त्यातून समजते. हे संशोधन महत्त्वाचे आहे, पण तेही क्षार नाहीसे करण्याविषयी नाही.

क्षार सहन करणारे रायझोबियम, अॅझोटोबॅक्टर किंवा स्फुरद विरघळवणारे जिवाणू ही वेगळी गोष्ट आहे. ते खारवट जमिनीतही नत्र-स्फुरद मिळवून देण्यास मदत करतात. मीठ तेही काढत नाहीत. कोणतेही ‘क्षारनाशक’ जैविक उत्पादन घेण्यापूर्वी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत:

- यातील जीव कोणता, आणि तो खत नियंत्रण आदेश, १९८५ मधील कोणत्या प्रकारात नोंदलेला आहे? त्या आदेशात जैविक खतांचे प्रकार ठरवून दिले आहेत. ‘क्षार खाणारा जिवाणू’ असा प्रकार त्यात नाही.
- क्षार जातो कुठे? ‘नाहीसा होतो’ हे उत्तर चुकीचे आहे.
- वापरण्यापूर्वी व नंतरच्या माती परीक्षणात सोडियमचे शेकडा प्रमाण किती बदलले?

समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर तोच पैसा जिप्सम आणि चर काढण्यावर लावावा.

आधी ओळख, मग उपाय

*क्षारयुक्त जमीन:* उन्हाळ्यात पृष्ठभागावर पांढरा थर दिसतो. संपृक्त अर्काची वाहकता ४ पेक्षा जास्त, सामू ८.५ पेक्षा कमी आणि सोडियमचे शेकडा प्रमाण १५ पेक्षा कमी असते. मातीची घडण बहुधा चांगली राहते.

*चोपण जमीन:* पाणी मुरत नाही, गढूळ होऊन साचते. वाळल्यावर ढेकळे दगडासारखी कडक होतात. सामू ८.५ पेक्षा जास्त, सोडियमचे शेकडा प्रमाण १५ पेक्षा जास्त आणि वाहकता ४ पेक्षा कमी असते. काळ्या मातीत १५ च्या खूप आधीच लक्षणे दिसतात.

*क्षारयुक्त-चोपण जमीन:* वाहकता ४ पेक्षा जास्त आणि सोडियमही १५ पेक्षा जास्त.

कृषी सहायकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मृदा आरोग्य पत्रिकेवरील वाहकता बहुधा माती व पाणी १:२.५ या प्रमाणात मिसळून काढलेली असते. तिथे १ पेक्षा कमी आकडा सर्वसाधारण मानतात आणि १ च्या वर उगवणीला धोका संभवतो. हा आकडा आणि संपृक्त अर्काची ४ ही मर्यादा यांची गल्लत करू नये.

नमुना कसा घ्यावा?

हंगामी पिकांसाठी ० ते २० सेंटिमीटर खोलीचा नमुना घ्यावा. संत्रा बागेसाठी ०–३०, ३०–६० आणि ६०–९० सेंटिमीटर असे वेगळे नमुने घ्यावेत. वाहकता व सामूबरोबर विनिमययोग्य सोडियम, मुक्त चुनखडी आणि जिप्समची गरज तपासण्यास सांगावे.

विहीर किंवा बोअरचे पाणीही तपासावे. पंप काही वेळ चालू ठेवून स्वच्छ बाटलीत एक लिटर पाणी घ्यावे. वाहकता ०.७५ पर्यंत असल्यास फारशी अडचण नसते. २.२५ च्या वर असल्यास ते पाणी काळ्या मातीत देणे टाळावे. उर्वरित सोडियम कार्बोनेट लिटरला १.२५ मिलिइक्विव्हॅलंटपर्यंत सुरक्षित, २.५ पेक्षा जास्त असल्यास अयोग्य समजतात. माती व पाण्याच्या तपासणीसाठी सेलसुरा येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधता येतो.

सुधारणेचा क्रम चुकवू नये

१. *निचरा.* शेताच्या उताराच्या बाजूने चर काढावेत, बुजलेले नाले मोकळे करावेत. सोयाबीन, हरभरा यांची पेरणी रुंद वरंबा सरी पद्धतीने करावी.

२. *चोपण जमिनीत आधी जिप्सम, मग धुलाई.* जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमला हुसकावतो आणि सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपाने पाण्याबरोबर वाहून जातो. कॅल्शियम न देता चोपण जमिनीत नुसते गोडे पाणी भरल्यास मातीचे कण आणखी विखुरतात आणि छिद्रे बंद होतात. परीक्षणात आलेल्या जिप्सम गरजेच्या साधारण निम्मी मात्रा उन्हाळ्यात शेणखतासोबत वरच्या २० सेंटिमीटर थरात मिसळावी, म्हणजे पावसाळ्याचे पाणी धुलाईला मिळते. फक्त क्षारयुक्त जमिनीत जिप्समची गरज नसते, चांगले पाणी आणि निचरा पुरतो.

३. *चुनखडीयुक्त जमिनीत गंधक.* इथे एक जिवाणू खरोखर उपयोगी पडतो. थायोबॅसिलस गंधकाचे सल्फ्युरिक आम्लात रूपांतर करतो. ते आम्ल मातीतील चुनखडी विरघळवते आणि कॅल्शियम मोकळा होतो. तोच सोडियमची जागा घेतो. ही क्रिया सावकाश होते, ओलावा व उष्णता लागते, म्हणून लागवडीच्या बरेच आधी गंधक द्यावे.

४. *हिरवळीचे खत.* धैंचा फुलोऱ्यापूर्वी जमिनीत गाडावा. त्याची मुळे माती मोकळी करतात. कुजताना निघणारा कार्बन डायऑक्साइड चुनखडी विरघळण्यास मदत करतो.

५. *खते.* क्षार असलेल्या जमिनीत म्युरेट ऑफ पोटॅशऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश वापरावे. सामू जास्त असल्यास जस्त व लोहाची कमतरता पाहावी.

६. *ठिबक.* ठिबकमध्ये क्षार ओल्या भागाच्या कडेला साचतात. पहिला हलका पाऊस ते मुळांकडे ढकलतो. अशा वेळी ठिबक बंद न करता चालू ठेवावे. सरी-वरंब्यावर बी माथ्यावर न टोकता उताराच्या बाजूला टोकावे, कारण माथ्यावर क्षार सर्वाधिक साचतात.

७. *शेततळे.* पावसाचे साठवलेले पाणी हे सर्वांत कमी क्षारांचे पाणी असते. संरक्षित ओलितासाठी आणि उगवणीच्या वेळी तेच वापरावे.

कोणते पीक किती सोसते?

उत्पादन घटू लागण्याची वाहकतेची पातळी (संपृक्त अर्क, डेसीसायमन प्रति मीटर):

- कापूस: ७.७
- गहू: ६.०
- सोयाबीन: ५.०
- मूग: १.८
- ऊस: १.७
- संत्रा: १.७
- कांदा: १.२

हे आकडे चांगल्या निचऱ्याच्या जमिनीतील आहेत. चोपण काळ्या मातीत पाणी साचून मुळे गुदमरतात, तेव्हा कापसालाही याहून आधी फटका बसतो. वाढलेला कापूस क्षार सोसतो, उगवणारा कापूस तितका सोसत नाही. हरभरा व तूर संवेदनशील असल्याने खारवट तुकड्यात त्यांना टाळावे. कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने केआरएल २१० सारखे क्षारसहनशील गव्हाचे वाण दिले आहेत, पण ते उत्तरेच्या मैदानासाठी शिफारस केलेले आहेत. आपल्याकडे लावण्यापूर्वी कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा.

थोडक्यात

- हॅलोआर्कियांनी आपली जवळजवळ सगळी प्रथिने मिठासाठी बदलली, म्हणून ते मिठाशिवाय जगू शकत नाहीत. पिकाची प्रथिने तशी नाहीत, म्हणून पिकाला मिठापासून दूरच ठेवावे लागते.
- कोणताही सूक्ष्मजीव सोडियम नष्ट करत नाही. सोडियम फक्त हलवता येतो: कॅल्शियमने सोडवून, पाण्याने वाहून, चरातून बाहेर.
- लोणारला पाणी बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तिथे मीठप्रिय आर्किया नांदतात. शेतात पीक नांदायचे असेल, तर शेताच्या पाण्याला वाट ठेवावी.
- या उन्हाळ्यात दोन कामे करावीत: माती व पाण्याचा नमुना तपासणीला द्यावा आणि पावसाआधी चर मोकळे करावेत.